बॉल बाहेर जाईपर्यंत

हायरियाकाकूंनी मारीयिन द्वोरच्या सिग्नलला ब्रेक असा दाबला की माझं डोकं पुढे जाऊन परत सीटवर आपटलं. मागून ट्रामने घंटा बडवली. चूक काकूंची नव्हती, सिग्नल खरंच लाल झाला होता. पण गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि गेल्या बारा वर्षांत माझा पाय त्यावर शिकणाऱ्याच्या आधी पोचला नाही असं फार क्वचित झालं आहे. आज नाही पोचला. माझं लक्ष नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या गाडीची काच खाली झाली. आतल्या जाड्या माणसाने आधी आमच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी पाहिली, मग मला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, ही तर आपली विल्दाना! विल्दाना, मागे बघ!" आणि मी मागे पाहिलं. नुसती मान नाही वळवली, खांद्यापासून सगळीच्या सगळी वळले, सीटबेल्ट गळ्याला काचला. मागे काय असणार, ट्राम होती. तो माणूस पोट धरून हसला. त्याची बायको त्याला कोपराने ढोसत होती आणि स्वतःही हसत होती. सिग्नल हिरवा झाला आणि ते गेले.

"कोण होता गं?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही. पहिला गिअर."

"तुझं नाव माहीत होतं की त्याला."

"अख्ख्या सारायेव्होला माहीत आहे, काकू. क्लच हळू सोडा. हळू म्हटलं ना."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही सायप्रसला गेलो होतो. युरोपच्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेआधी देशोदेशींच्या विजेत्या महिला क्लबांना असं चार-चारच्या गटात एकेका गावात जमवतात. चार दिवसांत दोन मॅचेस, एक क्लब पुढे जातो, तीन आपापल्या घरी. आमचा व्रेलो क्लब सहा वर्षं देशात पहिला आहे आणि सहाही वर्षं तिथूनच घरी आला आहे. सायप्रसला फायनल पेनल्ट्यांवर गेली. मी गोलकीपर. आइसलंडच्या मुलीने मारलेला बॉल माझ्या मुठीला लागून सरळ वर उडाला. अडवला! तो अडला की आम्ही पुढे जाणार होतो. मी बॉल कुठे आहे हे न बघता दोन्ही हात वर करून आमच्या मुलींकडे धावत सुटले. बॉल खाली पडला, त्याला फिरकी होती, टप्पा खाऊन तो उलटा वळला आणि सावकाश गोलमध्ये गेला. साडेचार सेकंद लागले त्याला. हे मी नंतर मोजलं आहे, बऱ्याच वेळा. आमच्या मुली सगळ्या मला ओरडून सांगत होत्या, मागे बघ, मागे बघ, आणि मला वाटलं त्या आनंदाने ओरडताहेत. पुढच्या पेनल्टीला आम्ही हरलो. बॉल थांबेपर्यंत पेनल्टी संपत नाही हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. शनिवारी दहा-दहा वर्षांच्या मुलींना मीच ते शिकवते.

विमान उतरायच्या आधी व्हिडिओ घरी पोचला होता. आमच्या गावाला दुःख झालं की ते आधी त्याचा विनोद करतं, मग त्यात तुम्हाला सामील करून घेतं. तुम्ही रुसलात तर तुम्ही परके. म्हणून मी हसले. बेकरीतली बाई चीज भरलेली सिर्नित्सा कागदात गुंडाळता गुंडाळता "मागे बघ" म्हणाली, हसले. गाडीची परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, हसले. कुणी वाईट नव्हतं त्यात. पण माझी मान माझी राहिली नाही. लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, आंघोळ करतानासुद्धा ती आपली वळायची. हिवाळ्यात मान आखडली म्हणून डॉक्टरकडे गेले, तर त्या गंभीरपणे विचारतात, कामात सारखं मागे बघावं लागतं का? मी त्यांना ड्रायव्हिंग स्कूलचं सांगितलं.

"आज तुझी मॅच ना?" ग्रबावित्साच्या वळणावर काकू म्हणाल्या. एकसष्ट वर्षांच्या आहेत. नवरा गेला, गाडी अंगणात गंजत पडली, आणि मुलगा ती विकायची म्हणाला त्या दिवशी यांनी आमच्याकडे नाव घातलं. परीक्षेत तीनदा नापास झाल्या आहेत. "मग घरी झोपून का नाही राहिलीस?"

"झोप आली असती तर झोपले असते. आरसा बघितलात का वळायच्या आधी?"

"बघितला. मी तो व्हिडिओ पण बघितला होता हं. मला वाटलं तू नाचतेयस."

मला एकदम खरंखुरं हसू आलं. "आता परत परीक्षेला बसायचं म्हणजे भीती नाही वाटत?" मी विचारलं. "वाटते की," काकू म्हणाल्या, "पण मुलाने गाडी विकली तर जास्त वाटेल." आणि त्यांनी न विचारता तिसरा गिअर टाकला.

मला काय हवं होतं ते सांगते, लाज वाटते तरी. मी क्लबची कॅप्टन, आणि कॅप्टनने प्रार्थना करायची ती नव्वद मिनिटांत जिंकण्याची. मी गेले तीन दिवस, सेमीफायनल जिंकल्यापासून, मनात म्हणत होते की आजची फायनल पेनल्ट्यांवर जाऊ दे. यंदा स्पर्धा आमच्या गावात होती, ओतोकाच्या मैदानावर, हे सगळे हसणारे लोक बाकांवर बसलेले असणार. त्यांच्यासमोर मला परत त्या रेषेवर उभं राहायचं होतं. वय चौतीस. अशी वेळ परत येईल असं मानायला मी काही वेडी नव्हते. म्हणून आज सकाळी उठतानाच ठरवलं होतं, आज मान वळवायची नाही. आणि दहा वाजायच्या आत एका जाड्या माणसासाठी ती वळवून झाली.

दुपारी मेव्लिदाने मैदानाजवळच्या कॅफेत बोलावलं. मेव्लिदा आमची कोच. पंधरा वर्षांपूर्वी ती पुढे खेळायची, मी गोलमध्ये, एका खोलीत राहायचो आणि एकच हीटर आळीपाळीने पायाशी घ्यायचो. तिने साखरेचा खडा कॉफीत बुडवला आणि टोक चावलं. वाईट बातमी सांगायची असली की ती आधी अख्खा खडा संपवते.

"नव्वद मिनिटं तू," ती म्हणाली. "एकशेवीस झाली तरी तू. पेनल्ट्या आल्या तर इल्मा."

"का?"

"का म्हणून विचारतेस?"

"हो, विचारते."

"सरावात तिने विसातल्या सात अडवल्या. तू तीन."

"सरावाचं काय घेऊन बसलीस."

"बरं, सरावाचं सोड. तू पेनल्टीला उभी राहतेस ना विल्दाना, तेव्हा बॉलकडे बघत नाहीस. समोरच्या मुलीने बॉल मारलेलाही नसतो आणि तुझी मान निघालेली असते. इथून एवढी." तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. "मला दिसतं ते. मारणारीलाही दिसतं."

ते खरं होतं, आणि ते फक्त मलाच माहीत आहे असं मी समजत होते. मी विचारलं, इल्माला सांगितलंस? काल सांगितलं, ती म्हणाली. म्हणजे काल संध्याकाळी इल्मा माझ्याशेजारी बसून बूट पुसत होती तेव्हा तिला माहीत होतं. इल्मा एकोणीस वर्षांची, गोराझ्देची, आठवड्यातून चार दिवस दोन तास बसने येते आणि दोन तास परत जाते. तिला डाव्या हाताने बॉल फेकायला मी शिकवलं. काल जाताना ती म्हणाली होती, "ताई, तू काळजी करू नकोस, मी आहे." मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. मी कॉफी संपवली. मेव्लिदाला म्हणाले, ठीक आहे. ठीक नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार, कोच ती आहे.

मॅच पाच वाजता सुरू झाली. लिथुआनियाच्या मुली उंच आणि शिस्तीच्या, कॉर्नरला सहाजणी एकदम धावून येत. विसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला, तो अडवण्यासारखा नव्हता. साठाव्या मिनिटाला आमच्या जेनिताने डोक्याने बरोबरी केली. जेनिता माझ्यासमोर बचावाला खेळते, पोस्टात नोकरी करते आणि मैदानात बोलायची थांबत नाही. उन्हं उतरून पलीकडच्या इमारतींच्या काचांवर गेली. नव्वद मिनिटं झाली, ज्यादा वेळ सुरू झाला, पायात गोळे आले. मी चांगली खेळत होते. हे मी सांगते कारण ते खरं आहे, दोन बॉल मी असे काढले की माझं मलाच कळलं नाही. प्रत्येक वेळी टाळ्या पडत आणि त्यातून एखादा आवाज येई, "मागे बघ!", आणि सगळा बाक हसे. मनातल्या मनात मी दोन गोष्टी एकाच वेळी म्हणत होते: आता गोल करा गं, संपवा हे. आणि: नका करू.

एकशेएकोणिसाव्या मिनिटाला इल्माने अंगावरचं जाकीट काढलं. खाली जर्सी होती, बारा नंबरची. तिने हातमोजे चढवले, ते दातांनी घट्ट केले, आणि मधल्या रेषेपाशी पंचांच्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिली. टेबलाशी बसलेल्या बाईने बदलीचा बोर्ड उचलला. लाल आकडा एक, हिरवा आकडा बारा. इल्मा सरळ माझ्याकडे बघत होती, शांतपणे, खांदे सैल सोडून. चांगली उभी होती. एकदा बॉल बाहेर जायचा अवकाश, मग मी चालत तिच्याकडे जायचं, टाळी द्यायची, बाकावर जाऊन बसायचं आणि अंगावर कुणीतरी टाकलेलं जाकीट ओढून घ्यायचं. बॉल बाहेर गेल्याशिवाय किंवा खेळ थांबल्याशिवाय बदली करता येत नाही. हा नियम मला वीस वर्षं माहीत आहे. त्या क्षणी तो मला जणू पहिल्यांदा कळला.

लिथुआनियाच्या मुलीने मारलेला एक लांब बॉल माझ्या डावीकडून गोलरेषेकडे निघाला होता. कुणीच त्याच्या मागे नव्हतं. जेनिता दोन्ही हात पसरून त्याला वाट करून देत ओरडली, "सोड!" कुठलीही गोलकीपर सोडते. मी धावले. दहा पावलं धावून मी तो रेषेवर तळपायाखाली दाबला, आणि बाकांवरून हजारभर माणसं एका सुरात काहीतरी म्हणाली, त्याचा अर्थ होता की बाईला उन्हाचा त्रास झाला आहे. "वेड लागलं का?" जेनिता म्हणाली. मी म्हणाले, "बाहेर नको. बॉल बाहेर घालवायचा नाही." "का?" "मी सांगते म्हणून." कॅप्टन मी होते. तिने मान हलवली आणि बॉल घेतला.

आमच्या इमारतीच्या तळघरात, युद्धात, मी चार-पाच वर्षांची असताना, हाच एक नियम होता. वर गोळीबार चालायचा, मोठी माणसं पिंपांवर बसून पत्ते खेळायची, आणि आम्ही मुलं बोळात. गोल म्हणजे कोळशाच्या खोलीचं दार. त्याच्या बाजूला तीन पायऱ्या आणि वर अंगणात जायची फट. बॉल त्या फटीतून बाहेर गेला की तो गेला, आणायला कुणी जायचं नाही. आई तिथेच बसलेली असायची, त्या पायऱ्यांवर, विणत. सगळ्यात लहान म्हणून मला गोलमध्ये उभी करायचे, आणि माझं काम गोल वाचवणं नव्हतंच, गोल कितीही झाले तरी चालत. बॉल पायऱ्या चढता कामा नये एवढंच. मी पोटावर पडून तो धरायची. आमचा एकच बॉल त्या सगळ्या काळात टिकला. याचा मला अजून अभिमान आहे, आणि गंमत म्हणजे गोलकीपर म्हणून ज्या गोष्टींचा अभिमान वाटावा त्यांत मी ही धरते, आजपर्यंत कधी कुणाला सांगितली नव्हती तरी.

जेनिताने बॉल उजवीकडे दिला, तो परत तिच्याकडे आला, त्यांची नऊ नंबरची धावून आली. जेनिता घाबरली. एरवी तिने तो बाकांवर भिरकावला असता, पण मी सांगितलं होतं ना, म्हणून तिने मला मागे दिला, आणि तो कमी पडला. मी आणि नऊ नंबर एकदमच पोचलो. बॉल तिच्या नडगीला लागून माझ्या बगलेखालून गेला आणि गोलच्या खांबाकडे लोळत निघाला. आत जातोय की बाहेर, कळत नव्हतं. आत गेला असता तर सहाच्या सात वर्षं झाली असती आणि या वेळी हसायला कुणाला काही उरलं नसतं. त्या अर्ध्या सेकंदात मला पुरतं कळलं मी काय करते आहे. वीस मुलींचं वर्ष मी माझ्या मानेसाठी पणाला लावलं होतं. तरी मी उठून त्याच्या मागे झेपावले, आणि खांबाच्या वीतभर अलीकडे तो पोटाखाली घेतला. बाहेरच जात होता. सोडला असता तरी चाललं असतं. रेफ्री हात वर करून सेकंद मोजायला लागली. आठच मिळतात. सातव्याला मी तो लोळवत जेनिताला दिला. तिने पुढे दिला, पुढची धडपडली पण उठली, आणि शिट्टी झाली. शेवटची, लांब. टेबलाशी बोर्ड अजून वर धरलेला होता, आणि मग त्या बाईने तो बंद केला.

मेव्लिदा माझ्यापर्यंत धावत आली. मुलींकडे पाठ करून ती दातांतल्या दातांत बोलली. "खाली बस. घोटा धर."

"काय?"

"गोलकीपर जखमी झाली तर अजून बदलता येते. बस खाली आणि ओरड."

"माझं काही दुखत नाहीये."

"विल्दाना."

"काही दुखत नाहीये, मेव्लिदा."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं हीटरच्या खोलीपासून आजपर्यंत तिने मला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. "हरलीस तर मी तुला वाचवणार नाही," ती म्हणाली. "मी सगळं बघितलंय." मग ती पेनल्टी मारणाऱ्यांची नावं घ्यायला गेली. इल्मा पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी होती. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं वाटत असेल. या वयात, एवढ्या लोकांसमोर, कुणाला वाटणार नाही? तिने हातमोजे काढले नव्हते. तिचे डोळे रागाने भरून आले होते.

"दोनदा," ती म्हणाली. "दोनदा बॉल बाहेर जात होता."

"हो."

"ती माझी होती. मी रात्रभर त्यांच्या पेनल्ट्यांचे व्हिडिओ बघत बसले होते. ती जागा माझी होती."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. तेवढं तरी खोटं बोलायचं नव्हतं. मग ती रागानेच म्हणाली, "दहा नंबरची शेवटी मारेल. धावताना दोनदा थबकते. दुसऱ्यांदा थबकली की तुझ्या उजवीकडे." आणि पाठ फिरवून निघून गेली.

पहिली पेनल्टी गोल झाली. दुसरीही. दोन्ही वेळा माझी मान निघाली, मला जाणवलं, दोन बोटं, बरोबर मेव्लिदाने दाखवली तेवढी. तिसरी त्यांनी वरच्या दांडीवरून मारली, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. चौथी गोल. आमच्या चारही मुलींनी न चुकता गोल केले, जेनिताने तर मारताना डोळे मिटले होते असं ती नंतर शपथेवर सांगत होती. आता त्यांच्या पाचवीने चुकवलं की संपलं. दहा नंबरची आली. बाकांवरून आवाज यायला लागले, सुरुवातीला एक, मग पुष्कळ, ठेका धरून, मागे बघ, मागे बघ. आमचेच लोक. प्रेमानेच म्हणत असतील. मी त्या मुलीच्या पायांकडे पाहिलं. मला माझी मान ताठ ठेवायची नव्हती, ते वर्षभर करून बघितलं होतं. मला फक्त ती थबकते कधी हे बघायचं होतं, कारण ते माझं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी रात्रभर बसून मिळवलेलं होतं, आणि ते वाया घालवायची मला सोय नव्हती. ती धावली. थबकली. धावली. थबकली. मी उजवीकडे गेले, आणि बॉल माझ्या मनगटावर इतक्या जोरात आदळला की कोपरापर्यंत हात बधिर झाला. तो पुढे गेला, लांब, तिच्याही पलीकडे, आणि गवतावर थांबला. तो थांबेपर्यंत मी बघत राहिले. मग मुली येऊन अंगावर पडल्या.

नंतरचं बरंचसं मला आठवत नाही. लोक खाली उतरले, कुणी मला उचललं, बेकरीतली बाई रडत होती, एका म्हाताऱ्याने माझ्या बधिर हाताचं चुंबन घेतलं. "विल्दाना! विल्दाना!" एवढंच ओरडत होते, पुढे काही नाही. वर्षभर मला हेच हवं होतं आणि ते मिळाल्यावर मी गर्दीत बारा नंबर शोधत होते. सायप्रसची चूक साऱ्या गावाला माहीत होती. आजची आम्हा तिघींनाच, आणि तिच्यावर कुणी कधी हसणार नव्हतं. मला वाईट वाटत होतं. पण पुन्हा तीच दोन मिनिटं मिळाली तर मी पुन्हा बॉलमागे धावेन हेही मला स्वच्छ कळत होतं, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. याची थोडी भीती वाटली.

इल्मा कपडे बदलायच्या खोलीत एकटीच होती, पिशवी भरत होती, साडेआठची बस गाठायची म्हणून. मी दारात उभी राहिले. मातीने आणि रेषांच्या चुन्याने माखलेली, गळ्यात कुणीतरी घातलेला रुमाल.

"पुढच्या फेरीला तू उभी राहा," मी म्हणाले. "पहिल्या मिनिटापासून. मी मेव्लिदाशी बोलते."

तिने पिशवीची चेन लावली. एकदा अडकली, तिने ती मागे घेऊन पुन्हा ओढली. "नको," ती म्हणाली. "दिलेलं नको मला. मी तुझ्याकडून काढून घेईन, विल्दाना." ताई म्हणाली नाही.

मला खूप दिवसांनी बरं वाटलं. "ये घ्यायला," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी नऊला सराव आहे."

सोमवारी ती पावणेनऊला आली. मी साडेआठपासून गोलमध्ये उभी होते.